'ब्लॅक कॉमेडी', 'वेस्टर्न', 'अँथॉलॉजी': तीन शब्द आणि एक फाशीचा दोर

अर्धविराम :
कोएन बंधू या अमेरिकी दिग्दर्शकांच्या, सहा स्वतंत्र कथांच्या 'द बॅलड ऑफ बस्टर स्क्रग्ज' या चित्रपटाची (२०१८) एक मराठी ओळख वाचनात आली: 'गडद विनोदी पाश्चिमात्य संकलन चित्रपट'. 'चित्रपट' सोडला तर उरलेल्या चार शब्दांत 'विनोदी' तेवढा जागेवर आहे, बाकी तिघे वाट चुकलेत. 'गडद' हे रंगाचं विशेषण. गडद निळा, गडद जांभळा, फार तर गडद छाया. 'संकलन' हा शब्द चित्रपटाच्या बाबतीत केव्हाच दुसऱ्या कामाला लागलाय. श्रेयनामावलीत 'संकलन' म्हणजे एडिटिंग. 'संकलन चित्रपट' वाचून एखाद्याला वाटेल, कात्री फार चाललेली दिसते. आणि 'पाश्चिमात्य'मुळे तर चित्रपटाचा प्रकारच बदलतो.

मूळ कल्पना तीन: ब्लॅक कॉमेडी (मरणासारख्या गोष्टीवरचा विनोद), वेस्टर्न, अँथॉलॉजी (अनेक स्वतंत्र कथा एकत्र). यांना मराठीत काय म्हणावं? शिवाय हे तिन्ही प्रकार एकत्र आले की लोकांना एवढे का आवडतात, ते मराठी शब्दात उतरवता येईल का? शब्दकोशातला प्रतिशब्द नको, वाक्यात चालेल असा हवा.

खोगीरभरती :
'वेस्टर्न'ला हात लावू नका. तो देश सांगत नाही, प्रकार सांगतो. १९०३ चा 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' बारा-एक मिनिटांचा होता. रेल्वेवर दरोडा, घोड्यांवरून पाठलाग, शेवटी गोळीबार. तेव्हापासून या प्रकाराचा मुलूख ठरून गेलाय: मिसिसिपीच्या पलीकडची अमेरिका, बहुतेक वेळा एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध, जिथे कायदा पोचायच्या आधी पिस्तूल पोचलेलं असतं.

कसोटी सोपी आहे. अर्जेंटिनाचा 'वाइल्ड टेल्स' (२०१४, दिग्दर्शक दामियान सिफ्रॉन) घ्या. त्यात सहा स्वतंत्र कथा आहेत आणि विनोद काळाकुट्ट आहे. तो पाश्चात्त्य आहे, वेस्टर्न नाही. उलट 'शोले' (१९७५) बंगळुरूजवळच्या रामनगरच्या खडकांत चित्रित झाला. त्याला पाश्चात्त्य म्हणायला कोणाची जीभ रेटणार नाही, पण घाट वेस्टर्नचा. म्हणून तर 'करी वेस्टर्न' हे नाव चिकटलं, जसं इटालियन मंडळींच्या चित्रपटांना 'स्पॅगेटी वेस्टर्न' चिकटलं. तेव्हा लिप्यंतर करा आणि पुढे चला. मुंबईत 'वेस्टर्न' म्हटलं की चर्चगेट-विरार डोळ्यांपुढे येतं हे खरं, पण शेजारी 'चित्रपट' असला की कोणी डबा पकडायला धावत नाही.

तोच नियम 'काऊबॉय'ला. 'गुराखी' लिहिलं की बासरी वाजायला लागते. काऊबॉय हा मोठाले कळप शेकडो मैल हाकत नेणारा पगारी घोडेस्वार. गुराखी संध्याकाळी गुरं घेऊन घरी येतो.

बाकी घोड्यांच्या बाबतीत मात्र मराठीने कोणाकडे हात पसरायची गरज नाही. खोगीर, रिकीब, लगाम, दुडकी चाल, चौखूर उधळणं, बिथरणं, टाच मारणं: सगळं तयार आहे. फरारी माणसाच्या मागे गावकरी आपापले घोडे घेऊन निघतात त्या 'पॉसी'साठी 'टोळी' लिहितात, तेव्हा दरोडेखोर कोण आणि पाठलाग करणारे कोण तेच कळत नाही. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणाऱ्याला आपल्याकडे शिलेदार म्हणत. सरकारी घोड्यावरचा तो बारगीर. त्या हिशेबाने पॉसीतले सगळे शिलेदार ठरतात. सबटायटलमध्ये हे लिहाच असं म्हणत नाही, नाहीतर प्रेक्षक भगवा झेंडा शोधत बसतील.

वेलांटी :
जाता जाता. 'पाश्चिमात्य' नको, 'पाश्चात्त्य' हवं, दोन 'त' आणि 'य'. मूळ 'पश्चात्'. 'दाक्षिणात्य'च्या चालीवर 'पाश्चिमात्य' आणि 'पौर्वात्य' तयार झाले. रूढ आहेत म्हणून मी भांडणार नाही, पण नव्याने लिहिताना बरोबर लिहायला पैसे पडत नाहीत.

तळटीप :
ब्लॅक कॉमेडीकडे वळू. मराठी समीक्षेत 'कृष्णविनोद' आणि 'काळा विनोद' हे दोन शब्द फिरतात. दोन्ही अर्थाने बरोबर आहेत आणि कानाला चुकीचे. 'कृष्णविनोद' ऐकून पेंद्या, शिंकाळं आणि लोणी आठवतं. 'काळा' हे विशेषण आपण बेकायदा व्यवहाराला देऊन बसलोय: काळा बाजार, काळा पैसा. काळा विनोद म्हणजे कर चुकवून केलेला विनोद वाटतो.

मूळ शब्दाचा जन्म मजेशीर आहे आणि या चर्चेला अगदी लागू. फ्रेंच 'उमूर न्वार' (शब्दशः काळा विनोद) ही संज्ञा रूढ केली आंद्रे ब्रतों या अतिवास्तववादी कवीने, आणि कशातून? एका अँथॉलॉजीतून. त्याने निवडक लेखकांचे उतारे एकत्र करून १९४० मध्ये संग्रह छापला, त्यात या विनोदाचा मूळ पुरुष म्हणून जोनाथन स्विफ्टला पहिलं पान दिलं. युद्धकाळातल्या फ्रान्समधल्या जर्मनधार्जिण्या व्हिशी राजवटीच्या सेन्सॉरने पुस्तक अडवलं, युद्ध सरेपर्यंत ते नीट बाहेर पडलं नाही. थोडक्यात, हा विनोद आणि संग्रह हे रूप यांची ओळख जुनी आहे.

याचा जर्मन भाऊबंद 'गाल्गनहुमोर', म्हणजे फाशीच्या खांबावरचा विनोद. दोघांत फरक आहे आणि लिहिताना तो पाळावा. फाशीच्या खांबावरचा विनोद मरणारा स्वतः करतो. फ्रॉइडने १९०५ च्या पुस्तकात दिलेलं उदाहरण प्रसिद्ध आहे: सोमवारी फाशी द्यायला नेत असलेला कैदी म्हणतो, चला, आठवड्याची सुरुवात छान झाली. ब्लॅक कॉमेडीत विनोद सांगणारा करतो; मरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. बस्टर स्क्रग्जमध्ये दुसरी कथा फाशीच्या खांबावरच्या विनोदाची, तिसरी ब्लॅक कॉमेडीची. तिसऱ्या कथेत एकही पात्र विनोद करत नाही.

मराठीला हा विनोद परका मुळीच नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. मढ्याच्या टाळूवरचं लोणी. ज्या भाषेत मढ्याच्या टाळूवर लोणी लावून ते खाणाराही कोणीतरी असतो, तिला ब्लॅक कॉमेडी काय शिकवायची? रंगभूमीवर सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण'मध्ये (१९७४) मेलेला भाऊराव स्वतःच्या मरणाचं कीर्तन करतो आणि बंद झालेल्या जुन्या स्मशानातच जाळा म्हणून हटून बसतो. अजून काय हवं?

म्हणून माझी सूचना 'स्मशानविनोद'. 'स्मशानवैराग्य' आपल्याकडे आहेच: चिता पेटलेली असेतो टिकणारं आणि घरी आंघोळ झाली की ओसरणारं. त्याच साच्यात हा शब्द बसतो.

उकार :
स्मशानविनोद वाचायला छान, पण 'स्मशानविनोदी चित्रपट' म्हटल्यावर भुतांचा सिनेमा वाटतो. हॉरर-कॉमेडीच्या रांगेत जाऊन बसेल.

मी दुसऱ्या कथेतल्या त्या एका वाक्याकडे लक्ष वेधतो, कारण मीममुळे ते चित्रपट न पाहिलेल्यांनाही माहीत झालंय. फाशीच्या चौथऱ्यावर चार माणसं, गळ्यात दोर. शेजारचा ढसाढसा रडतोय. जेम्स फ्रँकोचा दरोडेखोर मान वळवून सहज विचारतो, 'फर्स्ट टाइम?'

मराठीत याचे तीन-चार अवतार फिरतात. 'नवीन का?' सगळ्यात चपखल वाटतं, पण चूक. वाक्याची गंमत आकड्यात आहे. या माणसाला कथेत आधी एकदा फास लागलेला असतो. बँक लुटायला जातो, पकडला जातो, झाडाखाली घोड्यावर बसवून गळ्यात दोर अडकवतात, तेवढ्यात कोमांची हल्ला करतात आणि फाशी देणारेच मरतात. हा तसाच घोड्यावर. घोडा गवत खात एकेक पाऊल पुढे सरकतो आणि दोर ताणत जातो. मग एक गुरं नेणारा येऊन दोर तोडतो. तो निघतो गुरंचोर. त्याच्याबरोबर सापडला म्हणून याला पुन्हा फाशी. म्हणजे त्याची खरोखरच ही दुसरी वेळ आहे. प्रश्न टोमणा वाटतो, असतो अनुभवी माणसाचा. 'नवीन का?'मध्ये हा हिशेब गळतो. 'पहिल्यांदाच?' चालेल, पण ते नुसतं क्रियाविशेषण लटकतं. 'पहिलीच वेळ का?' हे माझ्या मते बरोबर: आकडा राहतो, 'च'मध्ये सहानुभूती येते, आणि दवाखान्याच्या बाकावर शेजारच्याला विचारावं तसा सूर लागतो. वाक्य पडद्यावर उणापुरा सेकंदभर असतं, त्यात हे वाचून होतं.

तू की तुम्ही? 'तुमची पहिलीच वेळ का?' म्हटलं तर अदब वाढते आणि विनोदही वाढतो, पण शब्द एक जास्त. सर्वनाम गाळा.

खोगीरभरती :
'पहिलीच येळ का, पाव्हणं?' करा. पश्चिम महाराष्ट्रही वेस्टर्नच की.

उकार :
मीमला फर्मास, सबटायटलला नको. बोली आणली की प्रेक्षक मरण विसरून पाव्हण्यावर हसतो. त्याच कथेतली बँकेतल्या कारकुनाची आरोळी बघा. तो अंगाला कढया-तवे बांधून बंदूक रोखत धावतो आणि गोळी भांड्यावर आदळली की आनंदाने ओरडतो, 'पॅन शॉट!' सिनेमाच्या भाषेत पॅन शॉट म्हणजे कॅमेरा आडवा फिरवून घेतलेलं दृश्य. हा श्लेष मराठीत येणार नाही, सोडून द्यावा. 'तव्याला लागली!' एवढं पुरे, बाकीचं काम टण्ण आवाज करतो. श्लेष वाचवायला कंस टाकून खुलासा द्याल, तर कारकून तोपर्यंत मेलेला असेल... म्हणजे दरोडेखोर पकडला गेलेला असेल.

अर्धविराम :
मग कथांच्या नावांचंही बघू. 'मील टिकट' हे तिसऱ्या कथेचं नाव मला अडकवतंय. लियाम नीसन गाडी घेऊन गावोगाव फिरतो, हातपाय नसलेला एक तरुण कलावंत त्यात बसून शेली, शेक्सपियर आणि लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण म्हणतो, आणि मालक पैसे गोळा करतो. 'पोटापाण्याचं साधन' लिहिलं तर अर्थ येतो, जीव जातो.

वेलांटी :
'पोशिंदा'. कथा या एकाच शब्दावर उभी राहते. मालक त्या तरुणाला चमच्याने भरवतो, म्हणून मालक पोशिंदा. पण भाकरीचे पैसे तरुणाच्या आवाजावर येतात, म्हणून तो पोशिंदा. दोघांत कोण कोणाला पोसतंय, हाच प्रश्न आहे. मग मालक गणितं सोडवणारी कोंबडी विकत घेतो आणि पोशिंदा बदलतो.

तळटीप :
सुरेख, पण 'पोशिंदा'त आदर आहे. जगाचा पोशिंदा आपण शेतकऱ्याला म्हणतो. मूळ शब्दात मालाची किंमत आहे: तिकीट वापरून झालं की फेकायचं. कोंबडी आल्यावर काय होतं? मालक पुलावर थांबतो, एक मोठा दगड उचलून नदीत टाकतो, पाणी किती खोल ते बघतो, आणि गाडीकडे परत येताना हसतो. पुढचं दृश्य: गाडीत मालक आणि कोंबडी. पडद्यावर मरण दाखवलेलंच नाही. एवढ्या थंडपणे फेकलेल्या माणसाला 'पोशिंदा' म्हटलं तर कथेच्या आधीच आपण कळवळतो आणि दगडाचा धक्का जातो. मी 'जेवणाचं कूपन' म्हणेन. खाणावळीचं कूपन सगळ्यांना माहीत आहे. दिलं, फाडलं, संपलं.

वेलांटी :
मान्य. 'कूपन' एवढंच ठेवलं तरी चालेल. दगड टाकल्यावर कळतं ते फाटलं म्हणून.

खोगीरभरती :
चौथ्या कथेसाठी एक शब्द खिशात ठेवलाय. टॉम वेट्सचा म्हातारा ओढ्याकाठी सोनं शोधतो. जॅक लंडनच्या कथेवरून घेतलंय आणि रीत खरी आहे: घमेल्यासारख्या पसरट पात्रात माती-वाळू घ्यायची, पाण्याखाली धरून हलवायची म्हणजे जड ते तळाशी बसतं, मग पात्र किंचित कलतं करून गोल फिरवत वरची वाळू पाण्याबरोबर सोडून द्यायची. सोनं पाण्याच्या १९.३ पट जड, वाळू २.६५ पट, म्हणून सोनं मागे राहतं. जास्त कलवलं किंवा जोरात फिरवलं की बारीक कणही वाळूबरोबर वाहून जातात. तळाशी उरलेले कण मोजायचे. ओढ्याच्या कडेने पात्रामागून पात्र धुवायचं; कण वाढत जाऊन पुन्हा शून्यावर आले की सोनं असलेल्या पट्ट्याच्या दोन कडा कळल्या. मग चढावर वरच्या रांगा. कडा जिथे एकमेकींना भिडतात तिथे मूळ साठा.

हे काम आपल्याकडे सोनारांच्या दुकानातल्या धुळीवर चालायचं आणि करणाऱ्याला झारेकरी म्हणतात. ओढ्याकाठच्या माणसाला तो शब्द पूर्ण लागू पडत नाही, पण 'सोनं शोधणारा खाणकामगार' या सपाट शब्दापेक्षा जवळचा आहे. आणि म्हातारा त्या साठ्याला लाडाने 'मिस्टर पॉकेट' म्हणून हाका मारतो. 'श्रीयुत खिसा' लिहिणाऱ्याला दंड करावा. घबाडराव!

वेलांटी :
घबाडरावाला माझे दोन्ही हात वर. पाचवीला, म्हणजे 'द गॅल हू गॉट रॅटल्ड'ला, 'बिथरलेली पोरगी' द्या, घोडा आणि माणूस दोघांना एकच क्रियापद लागतं. सहावीचं 'द मॉर्टल रिमेन्स' मराठीत मुळापेक्षा सरस होतं: 'पार्थिव'. पृथ्वीचं ते पार्थिव, म्हणून मातीचा गणपती पार्थिव. नश्वर म्हणूनही पार्थिव. आणि बातमीत मान्यवरांचं शव ते पार्थिव. त्या बग्गीच्या टपावर इनामासाठी मारलेल्या माणसाचं मढं बांधलंय आणि आतले पाच जण स्वतः जिवंत आहेत की नाहीत याची खात्री नाही. मढं, मयत, प्रेत, कलेवर, पार्थिव: पायरी जितकी वरची तितकी ही कथा अधिक हसवते.

अर्धविराम :
उरला 'अँथॉलॉजी'. 'मालिका' म्हटलं की रात्री साडेआठची सासू-सून. मग?

तळटीप :
ग्रीक मूळ 'फुलं वेचणं'. मराठी पाठ्यपुस्तकांनी नेमकं हेच क्रियापद घेतलं होतं: 'वेचे'. १८५४ च्या परशुराम तात्या गोडबोल्यांच्या 'नवनीता'पासून वेच्यांची परंपरा आहे. पण वेचा हा मोठ्या कृतीतून उचललेला तुकडा असतो, इथे प्रत्येक कथा पूर्ण आहे. 'कथागुच्छ' चालेल. चित्रपट एका जुन्या पुस्तकाची पानं उलटत पुढे सरकतो, प्रत्येक कथेआधी रंगीत चित्र आणि खाली कथेतलीच एक ओळ, त्यामुळे 'कथासंग्रह'ही शोभतो. अनेक दिग्दर्शकांचा असेल तर मात्र तसं सांगावं. मराठीत 'बायोस्कोप' (२०१५) चार दिग्दर्शकांच्या चार लघुपटांचा होता. आणि १९६२ चा 'हाउ द वेस्ट वॉज वन' पाच भागांचा, तीन दिग्दर्शकांचा असूनही कथासंग्रह नव्हे, कारण एकाच कुटुंबाच्या पिढ्या पुढे सरकतात.

हे तिन्ही प्रकार एकत्र का आवडतात, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. दोन तासांच्या वेस्टर्नमध्ये नायक विसाव्या मिनिटाला मरू शकत नाही; पुढचं कोण निभावणार? म्हणून गोळ्या त्याच्या कानाजवळून जातात आणि प्रेक्षक निर्धास्त. संग्रहात पुढच्या कथेला नवा माणूस असतो, त्यामुळे कोणालाही कधीही मारता येतं. पहिल्याच कथेत पांढऱ्या कपड्यातला, गाणारा, कधी न चुकणारा बस्टर, ज्याच्या नावाने चित्रपट आहे तो, कपाळात गोळी घेतो आणि पंख लावून मारणाऱ्याबरोबर द्वंद्वगीत गात वर जातो. त्यानंतर प्रत्येक कथेत आपण मरणाची वाट बघत बसतो. ते कोणाला गाठणार आणि कोणत्या दाराने येणार एवढाच प्रश्न उरतो. चौथ्या कथेत म्हातारा पाठीत गोळी खाऊनही वाचतो, तेव्हा आपण फसतो, कारण आतापर्यंत मरण गृहीत धरायची सवय लागलेली असते. एकदा विनोद झाला तर धक्का, सहा वेळा झाला तर हिशेब. तो हिशेब संग्रहाशिवाय जुळत नाही.

पानपूरक :
सगळं वाचलं. तुम्ही लांब गेलात, शब्द दारात उभा आहे. मराठीत 'मरणाचं' हे जोर द्यायला वापरतात. मरणाची थंडी, मरणाचं ऊन, मरणाचं हसलो. मग 'मरणाचा विनोदी' का नको? खूप विनोदी आणि मरणाबद्दल विनोदी, दोन्ही अर्थ एका विशेषणात.

उकार :
वा! पण धोका सांगतो. वाचणारा पहिला अर्थ घेऊन पोट धरून हसायला येईल आणि तिसऱ्या कथेत पुलावर थिजेल.

पानपूरक :
म्हणून पुढे एक शब्द जोडायचा: 'मरणाचा विनोदी, शब्दशः.'

अर्धविराम :
तर ओळ अशी होते: 'सहा कथांचा वेस्टर्न, मरणाचा विनोदी, शब्दशः.' अँथॉलॉजीला प्रतिशब्दच लागला नाही, आकड्याने काम भागलं. 'ब्लॅक कॉमेडी' समीक्षेत लिहायची असेल तिथे जशीच्या तशी ठेवेन.

एकच शंका: वेस्टर्न तो की ती?

वेलांटी :
चित्रपट गृहीत असेल तर तो, फिल्म म्हणणारे ती म्हणतात. परिच्छेदात एकदा जे धराल ते शेवटपर्यंत धरा. वरच्या ओळीत 'सहा कथांचा' लिहिलंत, तेव्हा आता तो.